पाच पौंडांचा हट्ट

अमेरिकेतल्या शिकारी रायफलींच्या शौकिनांत सध्या एक युक्तिवाद इतक्या ठामपणे केला जातो, की त्याला हरकत घेणारा माणूस आपोआप जुनाट ठरतो. युक्तिवाद तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी अशी, की ६.५ क्रीडमूरसारखी बारीक बोअरची नवी काडतुसं जुन्या .३०-०६ ची सगळी कामं करतात आणि खांद्याला धक्का कमी देतात. दुसरी पायरी अशी, की धक्काच कमी झाला तर रायफल जड असण्याचं कारण उरत नाही. तेव्हा कार्बन फायबरचा दस्ता आणि बारीक नळी असलेली पाच-साडेपाच पौंडांची रायफल घ्यावी. आणि तिसरी पायरी इतिहासाची: बेल यांनी छोट्या बोअरने हत्ती लोळवले, जिम कॉर्बेट यांनी नरभक्षक वाघ टिपले, आता आणखी काय पुरावा हवा?

यातली प्रत्येक पायरी सुटी घेतली तर तिच्यात थोडंफार तथ्य आहे. एकीवर दुसरी चढवली की मात्र हिशेब चुकतो, कारण एकच बचत दोनदा खर्च केलेली असते.

धक्क्याचं गणित सरळ आहे. गोळी आणि दारूचा वायू पुढे जातात, रायफल मागे येते, आणि दोन्ही बाजूंचा संवेग सारखाच असतो. त्यामुळे काडतूस तेच ठेवून रायफलीचं वजन घटवलं, की मागे येणारी ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. .३०८ विंचेस्टरची १५० ग्रेनची गोळी आठ पौंडांच्या रायफलीतून सुटली, तर खांद्यावर साधारण १६ फूट-पौंड येतात. तीच गोळी साडेपाच पौंडांच्या रायफलीतून सोडली तर हा आकडा २३-२४ वर जातो. रायफल मागे येण्याचा वेगही सेकंदाला सुमारे ११ फुटांवरून साडेसोळा फुटांवर जातो, आणि गालफडाला जे झोंबतं ते याच वेगामुळे. .३०० विंचेस्टर मॅग्नमचं तर बोलायलाच नको: आठ पौंडांत ३०, सहा पौंडांत ४०.

आता ज्या क्रीडमूरच्या मवाळपणाचे गोडवे गायले जातात, तिचा हिशेब बघा. आठ पौंडांच्या रायफलीत तिचा धक्का साडेतेरा फूट-पौंडांच्या आसपास असतो. हे खरोखरच सौम्य आहे, दिवसभर सराव करावा असं. पण तीच क्रीडमूर सहा पौंडांत बसवली की आकडा १८ होतो, म्हणजे आठ पौंडांच्या .३०८ पेक्षाही जास्त. नवं काडतूस घेऊन जे वाचवलं ते हलक्या दस्त्यात घालवलं, वर दोनएक फूट-पौंड पदरचे गेले. दुकानाच्या काउंटरवर मात्र दोन्ही गुण एकाच दमात सांगितले जातात: धक्का कमी आणि वजनही कमी. जाहिरातीतलं वजन दुर्बीण, तिच्या कड्या, पट्टा आणि काडतुसं वगळून दिलेलं असतं, हे तर वेगळंच. पाच पौंडांची रायफल घ्यायची आणि तिच्या माथ्यावर दोन पौंडांची लांब पल्ल्याची दुर्बीण चढवायची, असा प्रकार आज सर्रास दिसतो. सगळं वजन वर गेल्यामुळे ती रायफल हातात डगमगते.

शौकिनांचं यावर ठरलेलं उत्तर असतं: धक्का सोसता येतो, प्रश्न शिकार पडण्याचा आहे, आणि त्यासाठी तक्ते आहेत. हरणाला गोळीची १००० फूट-पौंड ऊर्जा लागते, एल्कसारख्या मोठ्या हरणाला १५००. तक्त्यात बघा आणि काडतूस निवडा.

हे आकडे कुठल्याही प्रयोगशाळेतून आलेले नाहीत. अमेरिकेतल्या मासिकांतून फिरत फिरत ते नियम होऊन बसले. १८९५ साली बाजारात आलेलं .३०-३० काडतूस २०० यार्डांवर या हजाराच्या रेषेखाली जातं. तरीही त्याच काडतुसाच्या विंचेस्टर ९४ या रायफलींनी अमेरिकेतल्या जंगलात पिढ्यान्पिढ्या हरणं आणली. हरणांनी तो तक्ता वाचला नव्हता, एवढंच.

त्याहून गमतीशीर आहे ते टेलर यांचं ‘नॉकआउट मूल्य’. ‘पोंडोरो’ या नावाने ओळखले जाणारे आफ्रिकेतले शिकारी जॉन टेलर यांनी १९४८ च्या आपल्या पुस्तकात हे सूत्र दिलं: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, व्यास इंचांत, तिघांचा गुणाकार करून ७००० ने भागायचं. टेलर यांच्यापुढे हत्तीची कवटी होती. मेंदू थोडक्यात हुकला तरी हत्ती किती वेळ बधिर राहील, याचा अंदाज जाड, घन गोळ्यांपुरता बांधायचा होता. आजची मंडळी तेच सूत्र हरणापासून अस्वलापर्यंत सगळ्यांना लावतात. मग क्रिकेटच्या चेंडूलाही लावून बघायला काय हरकत आहे? चेंडूचं वजन साडेपाच औंस, म्हणजे सुमारे २४०० ग्रेन, व्यास २.८ इंचांच्या थोडा वर. ताशी १४५ किलोमीटर वेगाने टाकलेल्या चेंडूचं नॉकआउट मूल्य येतं १२५ च्या पुढे. हत्तीच्या शिकारीतलं प्रतिष्ठित .४७० नायट्रो एक्सप्रेस काडतूस ७३ वर अडकतं. ताशी ८५ किलोमीटरने टाकलेला फिरकीचा चेंडूसुद्धा ७५ गाठून .४७० ला मागे टाकतो! टेलर यांचा यात काही दोष नाही. त्यांनी मोजपट्टी एका कामासाठी बनवली आणि लोक तिने समुद्र मोजायला निघाले.

कॅलिबरच्या नावाने चाललेली भांडणं किती वेळा भलत्याच गोष्टीवर असतात, हे बघायचं तर जॅक ओ’कॉनर आणि एल्मर कीथ यांच्या वादाकडे जावं लागेल. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतले रायफलवाले या दोघांमध्ये विभागले गेले होते. ओ’कॉनर विद्यापीठात पत्रकारिता शिकवलेले, ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे दीर्घकाळ बंदूक-संपादक, आणि १९२५ साली आलेल्या .२७० विंचेस्टरचे सर्वांत वाचले गेलेले पुरस्कर्ते. १३० ग्रेनची हलकी गोळी, जबर वेग, सपाट मार्ग. कीथ गुराखीपणातून वर आलेले, वजनदार आणि जाड गोळीवर श्रद्धा असलेले; .३३ च्या खालच्या बोअरने एल्कवर गोळी झाडणं त्यांना बेजबाबदारपणाच वाटे. १९५८ साली .३३८ विंचेस्टर मॅग्नम आलं, ते त्यांच्याच विचारांच्या वाटेवरचं काडतूस. दोघंही एकाच आयडाहो राज्यात राहत, आणि एकमेकांविषयी फारसं गोड बोलत नसत.

पण कीथ यांना आलेला अनुभव खोटा नव्हता. त्या काळच्या हलक्या, वेगवान गोळ्या मोठ्या जनावराच्या कातड्याखाली, खांद्याच्या हाडावर आपटून फुटत आणि आत पोचतच नसत. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांना चिखलाने माखलेल्या एका मूसवर हाच अनुभव आला. त्यांच्या हातात तर .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम होती, म्हणजे ओ’कॉनर यांच्या .२७० पेक्षा कितीतरी दांडगं काडतूस. घरी परतून नॉस्लर यांनी मध्ये धातूची आडभिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी बनवली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. त्या गोळीने कीथ यांच्या मूळ तक्रारीतली हवाच काढून घेतली. वाद मात्र थांबला नाही, तो आजही .२७० विरुद्ध .३३८ असाच मांडला जातो, जणू गोळीच्या पोटात काय आहे याला काही महत्त्वच नाही.

दक्षिण कॅरोलायनातल्या सीडर नॉल क्लबमध्ये ४९३ हरणांच्या शिकारीच्या नोंदी काळजीपूर्वक ठेवल्या गेल्या: कुठलं कॅलिबर, कुठली गोळी, कुठे लागली, हरीण किती धावलं. कॅलिबरमुळे सांगण्यासारखा फरक पडला नाही. गोळी मऊ होती की कडक, याने पडला. मऊ गोळ्या सरस ठरल्या. सर्वांत मोठा फरक पडला तो गोळी लागली कुठे याने. खांद्यावर लागलेली हरणं सरासरी तीन यार्ड गेली, फुफ्फुसात लागलेली पन्नास यार्ड. हा अभ्यास एका राज्यातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा आहे, एल्क किंवा मूसचा नाही, हे मान्य. पण ज्या हरणांवर अमेरिकेतले बहुसंख्य शिकारी जातात, तीच ही हरणं.

मग ठरवणारी गोष्ट नेम असेल, तर रायफलीच्या वजनाचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. नेम कशाने बिघडतो? एक, डोळे मिटून चाप ओढण्याच्या सवयीने, आणि ती सवय लावतो धक्का. दोन, रायफल डोलल्याने, आणि हलकी रायफल जास्त डोलते. श्वासाची, नाडीची, वाऱ्याच्या झुळकीची प्रत्येक हालचाल ती मान्य करते. तीन, चापाने. चाप ओढायला अडीच-तीन पौंडांचा जोर लागत असेल आणि रायफलच पाच पौंडांची असेल, तर बोटाच्या त्या जोरानेच नळी हलते. चार, बारीक नळी चार-पाच बारांत तापते आणि गोळ्या सरकू लागतात.

याचा भक्कम पुरावा शिकारीच्या बाहेर आहे, आणि तो कोल्हापूरच्या लोकांना शिकवायला नको. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात .२२ बोअरचं काडतूस वापरतात. त्याचा धक्का जवळजवळ नाहीच. तरीही त्या प्रकारात पुरुषांच्या रायफलीच्या वजनाची मर्यादा आठ किलो आहे, आणि ते वजन कुणी उगाच वाहत नाही. धक्का नसतानाही निव्वळ स्थिरतेसाठी नेमबाज वजन मागून घेतो. शिकाऱ्याला आठ किलो डोंगरावर न्यायचे नाहीत, हे उघड आहे. पण ‘धक्का कमी झाला की वजनाचं कारण उरत नाही’ ही दुसरी पायरी इथेच निखळते. वजन धक्क्यासाठी असतं, ते निम्मंच कारण.

आता तिसरी पायरी, इतिहासाची. वॉल्टर बेल, ‘करामोजो’ बेल, यांनी हजाराच्या वर हत्ती मारले आणि त्यातले बहुसंख्य .२७५ रिग्बीने, म्हणजे ७×५७ मिलिमीटर माउझरच्या इंग्रजी अवताराने. हे खरं. पण बेल यांनी हत्तीची कवटी कापवून मेंदू नेमका कुठे असतो याचा अभ्यास केला होता, ते कवच न फुटणारी घन गोळी वापरत, आणि मनासारखा कोन मिळेपर्यंत थांबत. ६.५ मिलिमीटरची मानलिकर तर त्यांनी काडतुसांच्या भरवशाअभावी सोडून दिली. त्यांच्या उदाहरणातून ‘छोटं बोअर पुरतं’ एवढंच वाक्य उचलणं म्हणजे निष्णात शल्यचिकित्सकाचा हात सोडून त्याची सुरीच घेऊन पळणं. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही किमान मर्यादा कायद्यात घातली, ती सगळे शिकारी बेल नसतात म्हणूनच.

कॉर्बेट यांची साक्ष जास्त अवघड आहे, कारण ती खरोखरच हलक्या रायफलीच्या बाजूची आहे. एप्रिल १९३० मध्ये चौगढची नरभक्षक वाघीण त्यांच्या पाठीमागे आठ फुटांवर दबा धरून बसली होती. डाव्या हातात त्यांनी पक्ष्याची अंडी धरलेली, रायफल उजव्या हातात. अगदी सावकाश, एकाच हाताने, त्यांनी रायफल फिरवली आणि बार काढला. आपण वाचलो त्यामागची कारणं सांगताना त्यांनी हातातली अंडी मोजली, तशीच रायफल हलकी होती हेही मोजलं. हलक्या रायफलींचे भक्त हा प्रसंग सांगतात तेव्हा त्यांचे डोळे चमकतात, आणि चमकावेतही.

फक्त त्या ‘हलक्या’ रायफलीचं वजन ते विचारत नाहीत. ती .२७५ रिग्बी होती, आणि त्या जातीच्या रायफली साडेसात पौंडांच्या आसपास भरत. कॉर्बेट तिची तुलना आपल्या .४५०/४०० दुनळीशी करत होते, जी दहा पौंडांची गोष्ट. साडेसात पौंडांत त्या काडतुसाचा धक्का पंधराएक फूट-पौंड असतो. पाच पौंडांत तो साडेबावीस होईल. म्हणजे कॉर्बेट यांनी गौरवलेली हलकी रायफल आजच्या जाहिरातीत ‘जड, पारंपरिक’ या रकान्यात बसते. बेल यांच्या रिग्बीचं तेच. स्वीडन-नॉर्वेने १८९४ साली स्वीकारलेल्या ६.५×५५ काडतुसाचंही तेच. स्वीडनमध्ये त्या काडतुसाने पिढ्यान्पिढ्या मूस मारले जातात, हा बारीक बोअरच्या बाजूचा सर्वांत मजबूत दाखला. पण ते काडतूस ज्या माउझर एम ९६ मधून प्रसिद्ध झालं, ती चार किलोंच्या घरातली. बारीक बोअरचे सगळे साक्षीदार वजनदार रायफली घेऊन उभे आहेत. त्यांची साक्ष पाच पौंडांच्या खटल्यात चालत नाही.

इतिहासाचाच आधार घ्यायचा तर कॅलिबर जन्माला कशी येतात, हेही त्याच इतिहासात बघावं. .४७० नायट्रो एक्सप्रेस, .५००/.४६५, .४७५ नंबर दोन ही हत्तीच्या शिकारीतली मातब्बर नावं एकाच सुमारास पुढे आली, आणि त्याचं कारण हत्तीशी संबंधित नव्हतं. भारतात आणि सुदानात बंडखोरांच्या हाती पडलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना काडतुसं मिळू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास तिथे .४५० बोअरच्या आयातीवर बंदी घातली. लंडनच्या बंदूककारांनी बंदी चुकवण्यासाठी व्यास थोडा वाढवला. आज त्या काही शतांश इंचांच्या फरकावर शौकीन रात्र जागवतात. भारतातल्या गावोगावच्या परवान्यांवर दिसणारी .३१५ बोअरची रायफल त्याच गोत्रातली: लष्करी .३०३ नागरिकांना नको, म्हणून हे वेगळं काडतूस. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी इथली शिकार संपवली, तरी कायद्याने पाडलेलं ते बोअर तसंच राहिलं.

बाजारही कायद्याइतकाच जोर लावतो. रेमिंग्टनने १९५५ साली .२४४ नावाचं काडतूस काढलं. नळीतला पीळ सावकाश ठेवल्यामुळे त्यातून जड गोळ्या नीट स्थिर होत नसत, आणि विंचेस्टरचं .२४३ बाजी मारून गेलं. १९६३ साली तेच काडतूस वेगवान पिळाच्या नळीसह ‘६ मिलिमीटर रेमिंग्टन’ म्हणून पुन्हा आलं. काडतूस तेच, फक्त नाव आणि नळी नवी. २००७ च्या क्रीडमूरची खरी कामगिरीही अशीच साधी आहे: लांब, टोकदार गोळीला जागा मिळावी म्हणून आखूड ठेवलेलं कवच, आणि पहिल्या दिवसापासून वेगवान पीळ. ती लक्ष्यभेदाच्या स्पर्धांसाठी बनली, आणि त्या स्पर्धांत रायफली जड असतात. चांगलं काडतूस आहे, यात वाद नाही. वाद तिच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या वजनाशी आहे.

हलक्या रायफलीवाल्यांनी धक्क्यावर शोधलेला उपाय म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा मझल ब्रेक. वायू बाजूला फेकून तो धक्का बराच घटवतो, हे खरं. पण मोठ्या रायफलीचा आवाज आधीच १६० डेसिबलच्या घरात असतो, १४० च्या पुढे कानाला कायमची इजा होऊ शकते, आणि ब्रेक तो आवाज नेमका बार काढणाऱ्याच्या आणि शेजारच्या वाटाड्याच्या कानाकडे वळवतो. आगीतून फुफाट्यात. सप्रेसर लावला तर आवाज आणि धक्का दोन्ही कमी होतात. फक्त नळीच्या टोकाला तीन-चारशे ग्रॅम वाढतात. म्हणजे दस्त्यातून मोठ्या खर्चाने काढलेलं वजन आणखी खर्च करून परत बसवायचं, तेही सर्वांत गैरसोयीच्या जागी.

डोंगराचा मुद्दा शिल्लक राहतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अलास्कात डॉल मेंढ्याच्या मागे दिवसेंदिवस चढणाऱ्याला पाऊण किलोचा फरक संध्याकाळी नक्की कळतो. मेल्विन फोर्ब्स यांनी १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियात पाच पौंडांच्या आसपासच्या रायफली बनवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी केलेलं काम अस्सल होतं: नुसती नळी कोरून वजन उतरवण्याऐवजी ताठ, हलका दस्ता घडवला, आणि यंत्रभागही काडतुसाच्या मापाचा केला. अशा रायफलीत ७ एमएम-०८ सारखं मध्यम काडतूस घालून वर्षभर सराव करणाऱ्याशी कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते पाच पौंडांच्या .३०० मॅग्नमशी, आणि जीपमधून मचाणापर्यंत जाणाऱ्या माणसाला डोंगराच्या नावाने ती विकणाऱ्याशी.

आणि डोंगराचीच साक्ष काढायची, तर ती ओ’कॉनर यांची काढावी. रानमेंढ्यांच्या शिकारीवर त्यांच्याइतकं अधिकाराने लिहिणारा अमेरिकेत दुसरा सहज सापडणार नाही. अ‍ॅरिझोनापासून युकॉनपर्यंतचे कडे त्यांनी पायाखाली घातले होते. त्यांची सर्वांत लाडकी डोंगरी रायफल स्पोकेनच्या अल बीसेन यांनी दस्ता घडवलेली विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट, .२७० बोअरची. कंपनीने १९५२ साली त्या प्रकाराला पिसासारखं हलकं असं नाव देऊन बाजारात आणलं होतं. ओ’कॉनर यांच्या हातात ती दुर्बिणीसह आठ पौंडांच्या आसपास भरत असे.